स्पिंडल बेटावरचं मौन

लॉन्सेस्टन, टास्मानिया
२ मार्च १९९३

प्रिय मेर्ल मावशी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. रेग काका गेले तेव्हा मी तुला शेवटचं पत्र लिहिलं होतं. त्याला चार वर्षं झाली. लाज वाटते, पण ते जाऊ दे. फोनच करणार होते, पण आई म्हणाली की कुठल्याशा मच्छीमाराच्या नांगरानं तुमच्या बेटाची समुद्राखालची फोनची तार तुटली आहे आणि दुरुस्तीवाले अजून फिरकले नाहीत.

आता कामाचं. तुझी ती लोकर कातरणाऱ्यांची बराक एप्रिलमध्ये रिकामी असते ना? १६ तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नऊ जण येऊ आणि रविवारी दुपारी जाऊ. आठ पाहुणे आणि मी. योगाचं शिबिर आहे. हो, मी आता योग शिकवते. दातांच्या दवाखान्यातली नोकरी मी नोव्हेंबरमध्येच सोडली. आठ वर्षं लोकांच्या तोंडात नळी धरून उभी होते मावशी, एके दिवशी वाटलं, बास. आता वर्ग छान भरतात. शिबिराचं माहितीपत्रक काढलं तर भराभर आठ नावं आली, सगळी टपालानं. मी अजून कोणाला भेटलेलीही नाही.

फक्त एक कर. आईला यातलं काही कळवू नकोस. तिला वाटतं मी अजून दवाखान्यातच आहे. दर रविवारी ती फोनवर डॉक्टरांची खुशाली विचारते आणि मी सांगते.

तुझी,
रोवेना

*

स्पिंडल बेट
८ मार्च

रोवेना,

बराक रिकामी आहे. म्हणजे माणसं नाहीत. छपरात केसाळ पॉसम शिरलेत, त्यांना मी हाकलते. गाद्यांना ऊन दाखवते. संडास एकच आहे, त्याचं दार समुद्राकडे उघडतं आणि लागत नाही, म्हणून आत बसलेल्यानं गाणं म्हणायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. तुझ्या लोकांना हे आधीच कळव.

योग म्हणजे नक्की काय, ते मी कोलला विचारलं. तोच तो, मंगळवारी आणि शुक्रवारी टपालाचं विमान घेऊन येतो. तो म्हणाला, माणसं चटईवर आडवी होतात आणि स्वतःला शोधतात. मी म्हटलं, चटईवर आडवा पडलेला माणूस सापडायला कितीसा वेळ लागतो रे? तीन दिवस कशाला हवेत?

कोलच्या विमानात चारच माणसं बसतात. तेव्हा दोन खेपांत आठ, आणि तू शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. ते तू आणि तो बघून घ्या.

तुझ्या आईचं पत्र आलं होतं. दवाखाना म्हणे हल्ली तुझ्याच जिवावर चालतो आणि डॉक्टर तुला विचारल्याशिवाय दाढ काढत नाहीत. मी तोंड उघडणार नाही. पण तू केवढी उंच इमारत बांधली आहेस, एवढं बघून ठेव.

मेर्ल मावशी

*

लॉन्सेस्टन
१७ मार्च

प्रिय मावशी,

तुझे किती आभार मानू! सोबत एक कागद पाठवते आहे, तो बराकीच्या भिंतीवर लाव. आसनांची नावं आहेत.

जेवण बिनमटणाचं हवं. पहाटे प्राणायाम, मग सूर्यनमस्कार, आणि सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. मौन म्हणजे अगदी मौन, खाणाखुणासुद्धा नाहीत. लोकांना हेच सगळ्यात जास्त आवडतं असं म्हणतात.

आठांपैकी दोघांबद्दल सांगून ठेवते. श्रीमती ऑगस्टा फेनिमोर या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांची मला आतापर्यंत पाच पत्रं आली. उशी कशाची आहे, दिशा कोणती आहे, आणि शिकवणाऱ्या व्यक्तीचा अनुभव किती, असं सगळं त्या विचारतात. मी काय ते उत्तर दिलं आहे. दुसरे क्लाइव्ह पॉमरॉय. ते बस चालवायचे. नाव त्यांच्या बायकोनं दोघांचं घातलं होतं, पण आता बायको येत नाहीये आणि ते येताहेत. का, ते त्यांनाही माहीत नाही.

मला जरा धाकधूक होते आहे. थोडीशीच.

रोवेना

*

स्पिंडल बेट
५ एप्रिल

रोवेना,

कागद लावला. श्वानासन, मार्जारासन, भुजंगासन, उष्ट्रासन. जनावरांचा बाजारच आहे, फक्त मेंढी तेवढी नाही. वाईट वाटलं. प्राणायाम मी आधी प्राणीयाम वाचलं आणि कुत्र्याला आंघोळ घातली.

सूर्यनमस्काराचं कबूल करत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे सूर्य येतोच असं नाही. आला तर नमस्कार करू, नाहीतर ढगाला करू.

बिनमटणाचं म्हणजे बटाटा, भोपळा आणि अंडी. तीन दिवसांना पुरेल. धाकधुकीचं म्हणशील तर तुझे काका पहिल्यांदा मेंढी कातरायला बसले तेव्हा मेंढी पुढे आणि काका मागे, असे समुद्रापर्यंत गेले होते. दोघेही परत आले.

मावशी

*

लॉन्सेस्टनच्या धावपट्टीवरून, घाईत
१६ एप्रिल, दुपार

मावशी,

कोलच्या दुसऱ्या खेपेबरोबर ही चिठ्ठी देते आहे. माझी दाढ सुजली आहे, गाल टोमॅटोसारखा झालाय, बोलताही येत नाही. उद्या सकाळच्या विमानानं नक्की येते. तोवर त्यांना खोल्या दाखव, जेवायला घाल, आणि सांग की मौन आत्तापासूनच सुरू. म्हणजे तुला काही सांगावं लागणार नाही आणि त्यांना काही विचारता येणार नाही.

रोवेना

*

स्पिंडल बेट
२० एप्रिल, मंगळवार सकाळ

रोवेना,

कोल पहिली खेप घेऊन निघतो आहे, तो इंजिन तापवतोय तोवर लिहिते. अक्षर लावून घे.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्या आठ जणांना ओळीत उभं करून सांगितलं, "मौन. आत्तापासून." सगळे एकदम गप्प. मला वाटलं होतं कोणीतरी कुरकुर करेल. छे! उलट त्यांचे चेहरे असे उजळले, जणू मी त्यांना बक्षीस दिलं. शनिवारी पहाटे वारं सुटलं, त्यामागून पाऊस, धावपट्टीचं तळं झालं, आणि तुझं विमान काही आलं नाही. आता मी काय करणार होते? मौन वाढवलं. पाटीवर लिहून दारात टांगलं: "विमान नाही. मौन चालू."

संडासाची पंचाईत झाली. गाणार कसं? शेवटी पॉमरॉयनी आत जाताना बाहेर एक गमबूट ठेवला, आणि मग सगळ्यांनी तेच धरलं.

मी आपली माझ्या कामाला लागले. शनिवारी दुपारी अंगणात एका पायावर उभी राहून गमबूट घालत होते. तुला माहीत आहे, माझी कंबर धड नाही, त्यामुळे मला वेळ लागतो. वळून बघते तर मागे आठही माणसं एका पायावर! डोळे मिटलेले. मला वाटलं, ही यांची ठरलेली वेळ असेल. मनात म्हटलं, किती शिस्तीची माणसं आहेत, यांना शिकवणारीची गरजच काय?

मग मी कोंबड्यांना दाणे टाकायला वाकले, तर ती वाकली. कुंपणाची तार बघायला निघाले, तर ती मागून एका रांगेत. माझा डावा पाय जरा ओढतो ना, तर आठही डावे पाय ओढताहेत. बटाटे सोलायला बसले, तर पॉमरॉय समोर येऊन बसले आणि माझ्याकडे बघत इतक्या सावकाश बटाटा सोलू लागले की मला रडूच येईल असं वाटलं. सोमवारी मेंढ्या कुरण बदलायला नेल्या, तेव्हाही सगळी आली. माझ्या कुत्र्याला तर वेडच लागलं, त्याचं काम कोणी उरूच देईना.

हे सगळं आज सकाळपर्यंत. आज श्रीमती फेनिमोर कुरणात हात-पाय टेकून, मागची बाजू आभाळाकडे करून उभ्या होत्या. ते तुझ्या कागदावरचं श्वानासन, हे मलाही कळलं. पण आमच्या बिशपला कसं कळणार? बिशप म्हणजे माझा मोठा मेंढा. त्याला वाटलं, आव्हान. तो वीस पावलं मागे गेला आणि आला.

"हलकटा!" असं ओरडत बाई हवेत.

चार दिवसांतला तो पहिला मानवी शब्द. आणि मग धरणच फुटलं. सगळे एकदम बोलायला लागले. पॉमरॉय म्हणाले, "साखर कुठे ठेवता हो? शनिवारपासून विचारायचंय." बाई उठल्या, गवत झटकलं, माझ्यासमोर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "गुरुमाता, हाही तुमच्या शिकवणीचाच भाग होता का?"

मी म्हटलं, "कोण माता?"

त्यांनी खिशातून तुझं माहितीपत्रक काढलं. त्यात लिहिलंय, मार्गदर्शक व्यक्तीनं तीस वर्षं एकांतात साधना केली आहे. रोवेना, तू चौतीस वर्षांची आहेस. चौथ्या वर्षी तू माझ्या न्हाणीघरात बेडूक सोडत होतीस.

मी काय सांगायला हवं होतं, तूच सांग. गप्प राहिले असते तर ती माणसं मला गुरू समजून घरी गेली असती आणि तुझं सगळं निभावलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण आठ जण माझ्याकडे बघत होते आणि चार दिवस माझ्यासारखी लंगडत होती, तीही मनापासून. मला नाही जमलं. मी म्हटलं, "बायांनो आणि पॉमरॉय, मी मेंढ्या पाळते. योगाचं मला काही येत नाही. शिकवणारी माझी भाची आहे, तिची दाढ दुखतेय."

तेवढ्यात कोल उतरला. तो म्हणाला, "दाढ? शुक्रवारी ती गाडीतच बसून होती. ही मंडळी विमानात चढेपर्यंत खाली वाकून लपली होती. मटण भरलेली पेस्ट्री खात होती, दोन्ही गालांनी."

चौघी जणी रागावल्या आहेत, त्या आत्ता या खेपेनं निघताहेत. उरलेले चौघे इथेच थांबलेत. फेनिमोर बाई म्हणतात, "मी योग शिकायला आले होते, शिकल्याशिवाय जाणार नाही." मी त्यांना सांगितलंय की तू घाबरट आहेस. त्या म्हणाल्या, "ते आम्ही बघू."

कोल दुपारी पुन्हा येतोय. पुढचं तुझ्यावर.

मावशी

*

धावपट्टी
लॉन्सेस्टन, २० एप्रिल, दुपारी एक

मावशी,

तुझं पत्र इथेच वाचलं. शनिवारपासून मी रोज येऊन या पत्र्याच्या शेडमध्ये बसते आणि रोज परत जाते. चौघींची माफी मागितली. एक बोलली नाही, दोघी खूप बोलल्या, आणि चौथीनं विचारलं की तुझ्या मावशीला पत्र लिहिलं तर पोचेल का.

माझं खरं ऐक. वर्ग छान भरत नाहीत. पाव-बिस्किटांच्या दुकानावरच्या माडीवर मंगळवारी तीन बायका येतात, त्यांतली एक पावांच्या वासासाठी येते. मी स्वतः दोन वर्षंच शिकले आहे. माहितीपत्रक लिहिताना "दोन वर्षं" लिहिलं, ते इतकं केविलवाणं दिसलं की दोनाचे तीस केले. वाटलं, कोण विचारणार? शुक्रवारी गाडीतून बघितलं तर फेनिमोर बाई त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून सगळ्यांना दाखवत होत्या. मी सीटवर खाली वाकले.

मी येऊ शकत नाही. त्या चौघांना सांग की मी मनापासून दिलगीर आहे, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी…

कोल पत्र घेत नाहीये. मी पाकीट पुढे केलं तर तो हात खिशात घालून उभा. म्हणतो, "टपालाची वेळ संपली. जायचं तर पत्राला कोणीतरी हातात धरून न्यावं लागेल." मी म्हटलं, हा काय आडमुठेपणा! तो म्हणतो, "मी इंजिन सुरू करतोय. पत्र येतंय का नाही, ते विचार त्याला."

आणतेय.

*

लॉन्सेस्टन
६ मे

प्रिय मावशी,

बेटावरच्या त्या दोन दिवसांत तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही, म्हणून लिहिते. तू बाहेर बिशपला बांधून ठेवत होतीस, त्यामुळे तुझ्या लोकरीच्या शेडमध्ये पहिल्यांदा काय झालं ते तुला माहीत नाही.

तिघे लोकरीच्या पोत्यांवर बसले होते. मी आत गेले. फेनिमोर बाई खुर्चीवर, उशीवर जरा तिरप्या. मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

"तुमचा अनुभव किती?"

"दोन वर्षं."

"कुठे शिकलात?"

"एका बाईंकडे, संध्याकाळच्या वर्गात."

"मग तीस का लिहिलंत?"

मी म्हटलं, "मला वाटलं, दोन वर्षंवालीकडे कोण येईल?"

त्यांनी उशी सरळ केली. मग म्हणाल्या, "मी सदतीस वर्षं शाळेत होते. पहिल्या दिवशी मी मुलांना सांगितलं होतं की हे माझं दहावं वर्ष आहे. त्यांना पहिल्याच तासाला कळलं." आणि खुर्चीवरून उठून, अगं आई गं करत, चटईवर बसल्या. "चला. मेंढा बांधलाय ना?"

मग मी शिकवलं. डावं-उजवं दोनदा चुकलं. पॉमरॉय शवासनात इतके घोरले की बाहेर तुझा कुत्रा भुंकायला लागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला मध्येच जाणवलं की बराच वेळ मी घाबरलेलीच नाहीये. कधी थांबलं ते कळलंच नाही.

आईला रविवारी जाऊन सांगितलं. सगळं. नोव्हेंबरपासूनचं. ती हातातला कप ठेवून म्हणाली, "म्हणजे गेल्या महिन्यात मी दवाखान्यात 'रोवेनाची आई' म्हणून सगळ्या रांगेच्या पुढे घुसले, ते कशाच्या जोरावर?" मी म्हटलं, "मग त्यांनी घेतलं का तुला आत?" "घेतलं तर!" ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तिला सांगा आम्हाला तिची आठवण येते. मला वाटलं, तू रजेवर आहेस." मग ती खूप चिडली. नोकरी सोडल्याबद्दल नाही. पाच महिने डॉक्टरांच्या खोट्या सर्दीसाठी तिला खरी काळजी करायला लावली, म्हणून.

मंगळवारी वर्गाला सात जण होते. फेनिमोर बाई सर्वांत पुढे. आई मागे बाकावर, कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन. एकही आसन केलं नाही. पण खाली उतरताना म्हणाली, "ती तिसरी बाई चुकत होती. तू का नाही सांगितलंस?"

नवीन माहितीपत्रकावर "दोन वर्षं" लिहिलं आहे.

तुझी,
रोवेना

*

स्पिंडल बेट
११ मे

प्रिय रोवेना,

तू इतकं खरं लिहिलंस की मलाही आता गप्प बसवत नाही.

धावपट्टी रविवारी दुपारीच सुकली होती. सोमवारी सकाळी कोल त्या सगळ्यांना न्यायला आला, दोन घिरट्या घातल्या आणि परत गेला. उतरणार कसा? धावपट्टीवर दीडशे मेंढ्या चरत होत्या. मी तुला लिहिलं ना, सोमवारी मेंढ्यांचं कुरण बदललं म्हणून. हेच ते कुरण. तुझ्याच पाहुण्यांनी हाकत नेल्या. मी फक्त पुढे चालत होते. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांनी वर बघितलं, मी बघितलं नाही, मग त्यांनीही मान खाली घातली.

का केलं म्हणशील, तर मला नीट सांगता येणार नाही. तुझे काका गेल्यापासून त्या मोठ्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मी ताट ठेवते. बाकी टेबलावर मी बियाणं वाळवते. शनिवारी मी बियाणं उचललं आणि आठ माणसं बसली. कोणी बोलत नव्हतं. पण चमचे वाजत होते, कोणी मीठ सरकवत होतं, पॉमरॉय भोपळ्याकडे बघून उसासे टाकत होते. मला इतकं बरं वाटलं गं. रविवारी ऊन पडलं. यांनी तोंड उघडलं की पहिला प्रश्न विमानाचा असणार, हे मला माहीत होतं. म्हणून मौन. म्हणून मेंढ्या. आणखी एकच दिवस, असं म्हटलं मी, आणि मंगळवारी पहाटे मेंढ्या हलवल्या.

मी तुला घाबरट म्हणाले, त्याआधी हे सांगायला हवं होतं. फेनिमोर बाईंना सांगायचं असेल तर सांग. बिशपचं तेवढं मात्र मुद्दाम नव्हतं, शपथ.

आता दुसरं. पॉमरॉयचं पत्र आलं. बायकोला घेऊन इथे यायचं म्हणतात, तिला भोपळा दाखवायचाय आणि मेंढ्या सांभाळायच्यात. मी कळवलं, या. ते शुक्रवारी येताहेत. आणि जाताना कोलच्या विमानात जागा रिकामी असते.

तेव्हा तुझ्या आईला सांग, खोली आवर. मी दहा दिवस राहीन. आम्ही दोघी एका छपराखाली तीन दिवसांच्या वर कधी टिकलो नाही, पण बघू, फार झालं तर एकमेकींना मौन देऊ. मंगळवारी तुझ्या माडीवर येते. मला जमिनीवर बसता येत नाही आणि बसले तर उठता येत नाही, हे फेनिमोर बाईंना आधीच सांगून ठेव. कोट काढून बसेन. खुर्ची ठेव, पाठ असलेली.

मेर्ल मावशी